गोल्फ मैदानाची स्पर्धात्मक मांडणी

मोठ्या गोल्फ स्पर्धेपूर्वी व स्पर्धेच्या दिवसांत मैदानाची जी विशिष्ट सिद्धता केली जाते, तिला मैदानाची मांडणी असे म्हणतात. मैदानाची रचना आणि मांडणी या दोन भिन्न गोष्टी होत. रचना ही मैदानाच्या शिल्पकाराची असते. उंचवटे, ओढे, बंकर (वाळूचे खड्डे) व हिरवळी (ग्रीन) यांची स्थाने तीमुळे निश्चित होतात व ती सहसा वर्षानुवर्षे बदलत नाहीत. मांडणी मात्र काही आठवड्यांपुरती असते. फेअरवे किती रुंद ठेवावा, त्याच्या दोन्ही बाजूंचे गवत किती उंच वाढू द्यावे, हिरवळ किती आखूड कापावी व किती कोरडी पाडावी, चेंडू ज्यात घालावयाचा तो खळगा दररोज हिरवळीच्या कोणत्या भागात खोदावा, आरंभस्थान (टी) पुढे आणावे की मागे न्यावे, यांसारख्या निर्णयांचा तीत समावेश होतो. एकच मैदान क्लबच्या सभासदांना रविवारी सुखावह वाटावे आणि तेच पुढे जगातील उत्कृष्ट व्यावसायिक खेळाडूंना जेरीस आणणारे ठरावे, हा फरक रचनेचा नसून मांडणीचा असतो. [⟶ गोल्फ].

मांडणीच्या साधनांपैकी सर्वांत जुने व सर्वांत वादग्रस्त साधन म्हणजे फेअरवेबाहेर राखलेले उंच, दाट गवत. त्याला ‘रफ’ ही संज्ञा आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील मूळ मैदानांत रफ कोणी मुद्दाम वाढवीत नसे. मेंढ्यांनी व सशांनी चरून जो पट्टा आखूड केला तो खेळण्याचा मार्ग आणि उरलेले ते रान, अशी निसर्गाचीच विभागणी होती. गवत कापण्याचे यंत्र इंग्‍लंडमध्ये १८३० मध्ये निघाले व ते हळूहळू गोल्फच्या मैदानावर आल्यानंतर ही सीमारेषा माणसाच्या हाती आली. विसाव्या शतकात तिचा उपयोग शिक्षेचे प्रमाण ठरविण्यासाठी होऊ लागला.

व्यावसायिक स्पर्धेच्या मैदानावर हिरवळीचे गवत साधारणतः ३ मिमी. आणि फेअरवेचे सु. १० ते १३ मिमी. उंचीचे असते. नेहमीच्या साप्ताहिक स्पर्धांत रफची उंची बहुधा ५ ते ८ सेंमी. असते. अमेरिकन खुल्या स्पर्धेत (आरंभ १८९५) ती १० ते १३ सेंमी. पर्यंत नेतात व त्याचबरोबर फेअरवेची रुंदी २५ मी. च्या आसपास आणतात. हे आकडे कागदावर फारसे भयावह वाटत नाहीत. परंतु आधुनिक व्यावसायिक खेळाडूचा पहिला फटका सु. २७५ मी. जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांचा अर्थ कळतो. तेवढ्या अंतरावरील २६ मी. रुंदीचा पट्टा टीवरून पाहता जेमतेम साडेपाच अंशांचा कोन व्यापतो. म्हणजे मध्यरेषेपासून कोणत्याही एका बाजूस तीन अंशांची चूक झाली, तरी चेंडू गवतात गेलाच. ताशी १८० किमी. हून अधिक वेगाने फिरणाऱ्या क्लबच्या (काठीच्या) बाबतीत इतकी अचूकता दर वेळी राखणे कोणालाही शक्य नाही. म्हणूनच सर्वोत्तम खेळाडूही प्रत्येक फेरीत अनेकदा रफमध्ये सापडतात. प्रश्न एवढाच उरतो, की तेथून पुढे काय करता येते.

गवताचा परिणाम : गोल्फचा चेंडू ४५.९३ ग्रॅ. हून जड व ४२.६७ मिमी. हून लहान व्यासाचा असता कामा नये, असा नियम आहे. अर्थात १२ सेंमी. उंच गवतात तो पूर्णपणे बुडतो. उभ्या माणसाला तो अनेकदा थेट वरून पाहिल्याशिवाय दिसतही नाही. मोठ्या स्पर्धांत चेंडू कोठे पडला हे दाखविण्यासाठी हाती निशाण घेतलेले स्वयंसेवक फेअरवेच्या कडेने उभे करतात, ते याच कारणास्तव. चेंडू शोधण्यास २०१९ पासून तीनच मिनिटे मिळतात. त्यापूर्वी पाच मिळत. तेवढ्या वेळात तो न सापडल्यास एक दंडफटका सोसून पूर्वीच्या जागेवरून पुन्हा खेळावे लागते.

चेंडू सापडला तरी खरी अडचण पुढेच असते. फेअरवेवरून लोखंडी क्लबने फटका मारताना क्लबचा तिरपा पृष्ठभाग चेंडूला थेट भिडतो व घर्षणामुळे चेंडूला उलट फिरकी मिळते. या फिरकीमुळे तो हवेत उचलला जातो आणि हिरवळीवर पडल्यावर लवकर थांबतो. व्यावसायिक खेळाडूचे दूरवरून नेमके अंतर साधण्याचे सारे कसब या फिरकीवर अवलंबून असते. रफमध्ये क्लब व चेंडू यांच्यामध्ये गवताची पाती चिरडली जातात. पात्यांतील रस व दव यांमुळे पृष्ठभाग बुळबुळीत होतो, घर्षण घटते आणि फिरकी हरवते. गवत मध्यम उंचीचे असेल, तर क्लबचा वेग फारसा कमी होत नाही. पण फिरकी गेल्यामुळे चेंडू अपेक्षेपेक्षा दूर जातो व पडल्यावर धावत सुटतो. खेळाडू अशा फटक्याला ‘फ्लायर’ म्हणतात. तो किती दूर जाईल हे अनुभवी खेळाडूलाही निश्चित सांगता येत नाही व हीच त्यातील खरी शिक्षा होय. १५० मी. वरून दहा मीटर जास्त जाणारा चेंडू हिरवळीच्या पलीकडील उतारावर जाऊन पडतो.

गवत याहून उंच व दाट असल्यास परिणाम निराळा होतो. क्लबची मान (दांडा व पाते जोडणारा भाग) गवतात अडकते, पाते मात्र पुढे जात राहते. साहजिकच पाते मिटते, त्याचा तिरपेपणा घटतो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू खाली व डावीकडे जातो. यावर उपाय म्हणून खेळाडू पाते आधीच थोडे उघडे धरतात, डाव्या हाताची पकड घट्ट करतात व क्लब अधिक उभ्या रेषेत खाली आणतात, म्हणजे तो कमी गवतातून जातो. मनगटात जोर असणाऱ्यास येथे लाभ होतो. गवत त्याहीपेक्षा दाट असेल, तर अधिकात अधिक तिरप्या पात्याचा क्लब (वेज) घेऊन चेंडू आडवा फेअरवेवर काढणे एवढेच हाती उरते. म्हणजे एक संपूर्ण फटका खर्ची पडतो.

गवताची जातही महत्त्वाची असते. थंड प्रदेशांतील राय व ब्ल्यूग्रास या जातींचे गवत दाट, ओलसर व चिवट असते. उष्ण प्रदेशांत वापरले जाणारे बर्म्युडा गवत म्हणजे आपल्याकडील हरळी किंवा दूर्वाच. ते आखूड असले तरी त्याच्या जाळीत चेंडू तळाशी जाऊन बसतो व पाती ताठ असल्यामुळे क्लबला धरून ठेवतात. समुद्रकाठच्या मैदानांवरील फेस्क्यू गवत विरळ असेल तर त्यातून चेंडू काढता येतो. पावसाळी वर्षात तेच गुंतागुंतीचे होते. याशिवाय गवत कोणत्या दिशेस झुकले आहे, हेही पाहावे लागते. यंत्राने टीच्या दिशेस कापत आणलेले गवत खेळाडूच्या विरुद्ध झुकते आणि तोच फटका कितीतरी अवघड होतो. दोन खेळाडूंचे चेंडू हातभर अंतरावर पडावेत, एकाचा गवतावर अलगद बसावा व दुसऱ्याचा तळाशी जावा, हे नेहमी घडते. रफवरील आक्षेपांपैकी हा दैवाधीनतेचा आक्षेप सर्वांत जुना आहे आणि त्याला समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

क्लबच्या पृष्ठभागावरील खाचांचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. मोटारीच्या टायरवरील खाचा ज्याप्रमाणे पाणी बाजूला सारतात, त्याप्रमाणे या खाचा गवताचा रस व चोथा सामावून घेतात. १९८० नंतरच्या काळात खोल व चौकोनी छेदाच्या, धारदार कडांच्या खाचा प्रचारात आल्या. त्यामुळे मध्यम रफमधूनही जवळजवळ फेअरवेइतकीच फिरकी मिळू लागली व फेअरवे चुकण्याची भीती नाहीशी झाली. यावर उपाय म्हणून नियामक संस्थांनी १ जानेवारी २०१० पासून व्यावसायिक खेळाडूंच्या बाबतीत खाचांचे आकारमान व कडांची धार यांवर मर्यादा घातल्या. गवत वाढविण्याऐवजी साधन बदलून रफला पुन्हा धार आणण्याचा हा प्रयत्न होता.

हिरवळीची कठीणता : एकटे उंच गवत फारसे काही साधत नाही. हिरवळ पावसाने मऊ झालेली असेल, तर फिरकी नसलेला चेंडूही तीत रुतून थांबतो. हिरवळ कठीण व वेगवान असेल, तेव्हाच रफमधून आलेला चेंडू तीवरून निसटून जातो. म्हणून मांडणीचे मर्म रफ व हिरवळ यांच्या जोडीत आहे. हिरवळीचा वेग मोजण्याचे ‘स्टिंपमीटर’ हे उपकरण अत्यंत साधे असते. सु. ९१ सेंमी. लांबीची पन्हळीसारखी पट्टी एका टोकाने हळूहळू उचलावयाची. ठराविक कोन होताच तिच्या खाचेतील चेंडू सुटतो. सपाट हिरवळीवर तो जितका जाईल, तितका तिचा वेग. पेनसिल्व्हेनिया राज्यातील ओकमाँट येथे १९३५ ची अमेरिकन खुली स्पर्धा पाहताना एडवर्ड स्टिंपसन या हौशी गोल्फपटूला ही कल्पना सुचली. युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन या संघटनेने (स्थापना १८९४) ती सु. चार दशकांनंतर स्वीकारून १९७८ पासून हे उपकरण मैदानांना पुरविले. सामान्य क्लबच्या हिरवळीवर चेंडू अडीच-पावणेतीन मी. जातो, अमेरिकन खुल्या स्पर्धेत तो चार मी. किंवा त्याहून अधिक जातो. अशा हिरवळीवर उताराच्या बाजूने खेळलेला चेंडू खळगा चुकल्यास कोठे थांबेल याचा नेम नसतो.

मांडणीत आणखी एक गोष्ट केली जाते आणि ती अंशतः हिशोबाची आहे. प्रत्येक होलसाठी फटक्यांची जी निर्धारित संख्या असते, तिला ‘पार’ म्हणतात. सभासदांसाठी पाच फटक्यांचे असलेले एखाददुसरे होल स्पर्धेपुरते चार फटक्यांचे म्हणून जाहीर करतात व मैदानाचा एकूण पार ७२ वरून ७० वर येतो. चार फेऱ्यांत यामुळे आठ फटक्यांचा फरक पडतो. ‘पारच्या वर सात’ यांसारखे आकडे वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवणे इष्ट. कारण मैदानाच्या क्रूरतेच्या कथांत ती बहुधा सांगितली जात नाही.

इतिहासातील प्रमुख प्रसंग : मैदानाने खेळाडूवर कुरघोडी करावी, हा विचार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रथम ओकमाँट येथे ठामपणे मांडला गेला. पोलाद व्यवसायातील हेन्री फाउन्स यांनी हे मैदान १९०३ मध्ये वसविले. त्यांचे पुत्र विल्यम यांचे मत असे, की वाईट फटक्याची किंमत खेळाडूला पूर्णपणे मोजावी लागली पाहिजे आणि ती भरून काढण्याची संधी त्याला मिळू नये. बंकरमधील वाळूत खोल सऱ्या पाडणारे खास दाताळे या मैदानावर दीर्घकाळ वापरात होते.

मिशिगन राज्यातील ओकलँड हिल्स येथील १९५१ ची स्पर्धा हा पुढील टप्पा. रॉबर्ट ट्रेंट जोन्स या शिल्पकाराने चांगल्या खेळाडूंचा पहिला फटका जेथे पडत असे, नेमक्या त्याच जागी दोन्ही बाजूंनी नवे बंकर आणले व मधला फेअरवे चिंचोळा केला. साऱ्या स्पर्धेत पारपेक्षा कमी फटक्यांच्या दोनच फेऱ्या नोंदल्या गेल्या व त्या दोन्ही अखेरच्या फेरीत. त्यांपैकी ६७ फटक्यांची फेरी बेन होगन याची होती. एकूण २८७ फटक्यांत, म्हणजे पारच्या वर सात, त्याने विजेतेपद मिळविले आणि या मैदानाला राक्षसाची उपमा दिली. ती उपमा त्या मैदानाला कायमची चिकटली. चार वर्षांनी सॅन फ्रॅन्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबवर (१९५५) त्याच होगनला गवताने गाठले. जॅक फ्लेक या फारशा परिचित नसलेल्या खेळाडूशी बरोबरी झाल्याने १८ होलची जादा फेरी झाली. शेवटच्या होलवर होगन एका फटक्याने मागे होता. टीवर त्याचा पाय घसरला व चेंडू डावीकडील गुडघाभर गवतात गेला. फेअरवेवर परत येण्यातच त्याचे तीन फटके खर्ची पडले आणि ७२ विरुद्ध ६९ असा त्याचा पराभव झाला. पाचव्यांदा ही स्पर्धा जिंकण्याचे त्याचे स्वप्न पुढे कधीच साकार झाले नाही.

१९५० नंतरच्या दशकात यजमान क्लबकडून मांडणीचे अधिकार क्रमाक्रमाने असोसिएशनकडे आले. जोसेफ डे व रिचर्ड टफ्ट्स या पदाधिकाऱ्यांनी फेअरवेची रुंदी, गवताची उंची व खळग्यांच्या जागा यांविषयी निश्चित दंडक घालून दिले. अमेरिकन खुल्या स्पर्धेची म्हणून जी एक मुद्रा पुढे ओळखली जाऊ लागली, ती या दंडकांतून घडली.

या मुद्रेचे सर्वांत उग्र रूप न्यूयॉर्क राज्यातील विंगेड फूट येथे १९७४ मध्ये दिसले. हे मैदान ए. डब्ल्यू. टिलिंगहास्ट याने आखले असून ते १९२३ मध्ये खुले झाले. १९७३ मध्ये ओकमाँट येथे पावसाने हिरवळी मऊ झाल्या होत्या व जॉनी मिलर याने शेवटची फेरी ६३ फटक्यांत पूर्ण करून स्पर्धा जिंकली होती. पुढील वर्षी विंगेड फूटवर दाट रफ, अरुंद फेअरवे व काचेसारख्या हिरवळी पाहून असोसिएशन त्या ६३ फटक्यांचा सूड घेत आहे, अशी खेळाडूंची समजूत झाली. असोसिएशनने तिचा इन्कार केला. पहिल्या दिवशी एकालाही पारपेक्षा कमी फटक्यांत फेरी पुरी करता आली नाही. जॅक निक्लससारख्या खेळाडूने पहिल्याच हिरवळीवर हलकेच ढकललेला चेंडू खळग्यावरून कितीतरी दूर घरंगळत गेला. तीन फेऱ्यांनंतर आघाडीवर असलेल्या तरुण टॉम वॉटसनला शेवटच्या फेरीत ७९ फटके लागले. हेल अर्विन हा २८७ फटक्यांत, पारच्या वर सात, विजयी झाला. दुसऱ्या क्रमांकाचा फॉरेस्ट फेझलर पारच्या वर नऊ होता. ही स्पर्धा ‘विंगेड फूटची कत्तल’ या नावाने ओळखली जाते. असोसिएशनच्या स्पर्धा समितीचे प्रमुख सँडी टेटम यांना पत्रकारांनी विचारले, की जगातील उत्तम खेळाडूंची मानहानी करण्याचा हा डाव आहे काय. त्यावर मानहानी करणे हा हेतू नसून उत्तम खेळाडू कोण हे ओळखणे हा हेतू आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. मांडणीच्या समर्थनार्थ याहून नेमके काही बोलले गेलेले नाही. अर्विन पुढे १९७९ व १९९० मध्येही ही स्पर्धा जिंकला. त्यावरून निदान त्या वर्षी तरी कसोटीने योग्य खेळाडू निवडला, असे म्हणता येईल.

कसोटी हाताबाहेर गेल्याचीही उदाहरणे आहेत. स्कॉटलंडमधील कार्नूस्टी येथे १९९९ च्या ब्रिटिश खुल्या स्पर्धेत वसंत ऋतूतील उबदार व ओल्या हवेने गवत माजले होते. त्यातच वारे सुटले. स्पेनच्या सेर्हिओ गार्सिआने पहिली फेरी ८९ फटक्यांत कशीबशी पुरी केली. फ्रान्सचा झां व्हान द व्हेल्द हा शेवटच्या होलवर तीन फटक्यांच्या आघाडीने आला. परंतु त्याचा दुसरा फटका प्रेक्षकांच्या मचाणावर आदळून उंच गवतात परतला व गवतात अडकलेल्या क्लबने मारलेला तिसरा फटका जेमतेम ओढ्यापर्यंत जाऊन पाण्यात पडला. ओढ्यात उतरून उभ्या असलेल्या त्याच्या छायाचित्राने तो प्रसंग अजरामर केला आहे. त्याला सात फटके लागले, तिघांत बरोबरी झाली आणि अखेरच्या फेरीच्या आरंभी दहा फटक्यांनी मागे असलेला पॉल लॉरी जादा होलवर विजयी झाला. न्यूयॉर्कजवळील शिनेकॉक हिल्स येथे २००४ मध्ये दोष गवताचा नव्हे, तर पाण्याच्या अभावाचा होता. शेवटच्या दिवशी सातव्या होलची हिरवळ इतकी वाळली, की चेंडू तीवर थांबेना. खेळ चालू असताना दोन गटांच्या मधल्या वेळात तीवर पाणी शिंपावे लागले. आधी खेळलेल्यांना कोरडी आणि नंतरच्यांना भिजलेली हिरवळ मिळावी, याला न्याय म्हणता येणार नाही. तेथेच २०१८ मध्ये तिसऱ्या दिवशी दुपारी काही खळग्यांच्या जागा अतिरेकी ठरल्याचे असोसिएशनने मान्य केले. त्याच दिवशी फिल मिकल्सन याने उतारावरून घरंगळणारा चेंडू थांबण्यापूर्वीच धावत जाऊन परत मारला व दोन दंडफटके पत्करले.

पायऱ्यांचा रफ : थोडक्यात चुकलेल्या व फार चुकलेल्या फटक्यांना सारखीच शिक्षा, हा जुन्या पद्धतीचा आणखी एक दोष होता. किंबहुना फार चुकलेल्यास कित्येकदा लाभच होई. कारण दोरीपलीकडील गवत हजारो प्रेक्षकांच्या पायांखाली तुडविले जाऊन सपाट झालेले असे. यावर उपाय म्हणून मांडणीचे काम पाहणाऱ्या माइक डेव्हिस यांनी २००६ मध्ये विंगेड फूट येथेच पायऱ्यापायऱ्यांचा रफ आणला. फेअरवेला लागून आखूड गवताची अरुंद पट्टी, तिच्याबाहेर मध्यम रफ व त्याच्याही बाहेर उंच रफ, अशी ही योजना आहे. चूक जितकी मोठी, तितकी शिक्षा कडक, हे तिचे तत्त्व होय. तरीही त्या वर्षी ऑस्ट्रेलियाचा जेफ ऑगिल्व्ही पारच्या वर पाच फटक्यांनी जिंकला; मिकल्सन व कॉलिन माँटगमरी या दोघांनीही शेवटच्या होलवर सहा फटके घेऊन हाती आलेली स्पर्धा घालविली.

लांब फटका आणि रफ : विसाव्या शतकाच्या अखेरीस धातूचे पोकळ ड्रायव्हर व नवे चेंडू आले आणि फटक्यांची लांबी वाढली. त्याबरोबर रफविषयीच्या जुन्या समजुतीलाही धक्का बसला. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकन व्यावसायिक स्पर्धांतील लक्षावधी फटक्यांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. त्यांनुसार १६० यार्डांवरून (सु. १४६ मी.) व्यावसायिक खेळाडूला होल पुरे करण्यास फेअरवेवरून सरासरी २.९८ फटके लागतात, तर रफमधून ३.२३. म्हणजे नेहमीच्या रफची किंमत सु. पाव फटका होते. परंतु रफमधूनच १०० यार्डांवरून (सु. ९१ मी.) ही सरासरी ३.०२ आहे. फेअरवेवर राहण्यासाठी साठ यार्ड मागे राहावे लागत असेल, तर लाभ जवळजवळ शून्य होतो.

यातून एक विपरीत गोष्ट निष्पन्न होते. फेअरवे जितका अरुंद करावा, तितका अचूक खेळाडूही तो अधिक वेळा चुकतो व अचूक आणि बेफाम यांच्यातील अंतर कमी होते. दोघेही गवतातच असतील, तर लांब मारणारा हिरवळीच्या जवळ असतो आणि त्याच्या हाती अधिक तिरप्या पात्याचा, गवतातून सहज निघणारा क्लब असतो. २०२० मध्ये विंगेड फूटवर ब्रायसन डिशँबो याने हा हिशोब उघडपणे मांडून तसाच खेळ केला. शरीर कमावून वाढविलेल्या ताकदीने तो प्रत्येक संधीस चेंडू शक्य तितका दूर मारीत गेला. चार फेऱ्यांत ५६ पैकी केवळ २३ फेअरवे त्याने साधले. तरी २७४ फटक्यांत, पारच्या खाली सहा, तो सहा फटक्यांच्या अंतराने जिंकला. पारच्या खाली राहणारा तो एकमेव होता. ज्या मैदानावर १९७४ मध्ये रफला शरण जाऊन फेअरवे राखणे हाच शहाणपणा मानला गेला, तेथेच हे घडले. मात्र यावरून रफ निरुपयोगी झाला, असा जो निष्कर्ष काही टीकाकारांनी काढला, तो घाईचा वाटतो. डिशँबो हिरवळीभोवतीच्या नाजूक फटक्यांत व खळग्याजवळच्या खेळातही त्या आठवड्यात इतरांहून सरस होता; निव्वळ ताकदीने गवत जिंकता आले असते, तर इतर लांब मारणारेही पारच्या खाली गेले असते. ओकमाँट येथे २०२५ मध्ये गवत सु. १३ सेंमी. ठेवले असता जे. जे. स्पॉन हा एकटाच पारच्या खाली (एक फटका) राहून विजयी झाला व तो लांब मारणारा म्हणून प्रसिद्ध नाही. पेनसिल्व्हेनियातीलच मेरियन हे मैदान तर २०१३ च्या स्पर्धेत केवळ ६,९९६ यार्डांचे (सु. ६,४०० मी.) होते, तरी जस्टिन रोझ पारच्या वर एक फटका राहून जिंकला. रफला साथ देणारी हिरवळ व होलची वळणे असतील, तर लांबीवाचूनही मैदान आपला बचाव करते.

रफविना मांडणी : गवताला पर्याय शोधण्याचेही प्रयत्न झाले आहेत. जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा नॅशनल मैदानावर मास्टर्स स्पर्धेसाठी १९९९ पर्यंत रफ असा नव्हताच; त्या वर्षी ‘दुसरी कापणी’ या सौम्य नावाने सु. साडेतीन सेंमी. गवत राखण्यास आरंभ झाला. नॉर्थ कॅरोलायनातील पाइनहर्स्ट क्र. २ हे डॉनल्ड रॉस याचे मैदान बिल कूर व बेन क्रेनशॉ यांनी २०१०-११ मध्ये पूर्ववत केले. हिरवळ लागवडीचा फार मोठा भाग व पाण्याचे निम्म्याहून अधिक फवारे त्यांनी काढून टाकले आणि फेअरवेच्या बाहेर वाळू, पाइनच्या सुया व झुपक्यांचे रानगवत राहू दिले. तेथे २०१४ मध्ये मार्टिन काइमर आठ फटक्यांनी जिंकला व त्याच्याखेरीज दोघेच पारच्या खाली राहिले. वाळूत चेंडू कधी मोकळा, तर कधी झुपक्याच्या बुंध्याशी सापडतो. त्यामुळे खेळाडूला प्रत्येक वेळी धाडस करावे की नाही हे ठरवावे लागते. उंच रफमध्ये ठरविण्यासारखे काही उरत नाही, असा या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचा मुख्य युक्तिवाद आहे. पाण्याची बचत हा त्याचा दुसरा, आणि कदाचित अधिक टिकाऊ, लाभ होय.

सांघिक स्पर्धेत मांडणी हे यजमानांचे शस्त्र बनते. यूरोप व अमेरिका यांच्यातील रायडर चषक सामन्यांत मैदान कसे ठेवावे हे यजमान संघाचा कर्णधार सुचवितो. अमेरिकनांनी २०१६ मध्ये हेझलटिन येथे रफ आखूड ठेवून आपल्या लांब मारणाऱ्यांची सोय पाहिली. त्यानंतर २०१८ मध्ये पॅरिसजवळील ल गोल्फ नासिओनाल मैदानावर यूरोपीयांनी फेअरवे चिंचोळे व रफ दाट केला आणि १७½–१०½ असा विजय मिळविला. अमेरिकन संघातील अनेक जण तेथे ड्रायव्हरचा मोह आवरू न शकल्याने गवतात सापडले.

भारत : ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्ता येथे १८२९ मध्ये स्थापन झाला. तथापि भारतातील मैदानांचा बचाव उंच गवतापेक्षा झाडाझुडपांवर अधिक अवलंबून राहिला आहे. पावसाळ्यात गवत आवरत नाही व उन्हाळ्यात ते टिकत नाही, त्यामुळे यूरोपीय धर्तीचा एकसारखा रफ येथे बारमाही राखणे कठीण जाते. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोदी मैदानावर अरुंद फेअरवेंच्या दोन्ही अंगांस काटेरी झुडपांची दाट भिंत असून तीत गेलेला चेंडू बहुधा परत खेळता येत नाही. तेथे ड्रायव्हर पिशवीतच ठेवून आखूड, पण सरळ फटका मारणे व्यावसायिकांना अनेकदा श्रेयस्कर वाटते. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी याने २०१५ मध्ये या मैदानावर इंडियन ओपन स्पर्धा जिंकली. त्या वेळी बरोबरीनंतर त्याच्याकडून हरलेला शिवशंकरप्रसाद चौरासिया हा लांब फटक्यांसाठी नव्हे, तर अचूकतेसाठी ख्यातनाम होता. कलकत्त्याच्या क्लबवर त्याचे वडील गवताची निगा राखण्याचे काम करीत व तेथेच तो खेळ शिकला. २०१६ मध्ये चौरासियाने दिल्लीच्या याच मैदानावर ती स्पर्धा जिंकली. २०१७ मध्ये ती गुरुग्राम येथील गॅरी प्लेअर याने आखलेल्या, बरेच लांब व अवघड मानल्या जाणाऱ्या मैदानावर भरविली गेली, तेव्हाही तोच विजेता ठरला.